ताणकाटा घेऊन दारोदार फिरणाऱ्या पशुसखी ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम जाहीर लिहितो आहोत. घाटंजी-पांढरकवड्याच्या पट्ट्यात तुम्ही पशुसखी म्हणून, म्हणजे गावातल्या जनावरांची काळजी घेणारी शिकलेली बाई म्हणून, जे काम करता, ते दोन-चार बकऱ्या असलेल्या प्रत्येक घरापर्यंत पोचावं, म्हणून तुमचे आभार आणि तुम्ही शिकवलेलं दोन्ही एकाच कागदावर. तुमच्या पिशवीत थर्मास असतो, जंताचं औषध असतं, आयोडीन असतं. आम्ही मात्र सगळ्यात आधी आभार मानतो ते त्या ५० किलोपर्यंत वजन करणाऱ्या, टांगायच्या ताणकाट्यासाठी.

आणि त्याच्याही आधी एका प्रश्नासाठी. बकऱ्यांबद्दल सांगायला येणारा माणूस बहुधा विचारतो, किती आहेत? आणि लगेच म्हणतो, पन्नास करा, शेड बांधा. तुम्ही विचारता, "बकरी कशासाठी ठेवली?" कोरडवाहू तीन-चार एकरवाल्याच्या घरात या प्रश्नाचं उत्तर पैशाच्या वेळापत्रकात असतं. कापसाचा पैसा दिवाळीनंतर येतो, आणि त्यातला बराचसा कृषी केंद्राच्या उधारीत जातो. खर्च मात्र वर्षभर असतो. जूनमध्ये बियाणं, खत, पोरांची शाळा. पोळ्याच्या आगेमागे फवारणी आणि निंदणाची मजुरी. दवाखाना तर केव्हाही. बैल अर्धा विकता येत नाही. वावर गहाण पडलं की सुटायला वर्षं जातात. बकरी तेवढी एकेक करून मोडता येते. ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांना ती बटईनंही पाळता येते, आणि घरातल्या बाईला कोणाला न विचारता विकता येईल अशी ती बहुतेक एकच वस्तू असते. हे ऐकून घेतल्यावर तुम्ही पन्नास बकऱ्यांचं नाव काढलं नाहीत. आहेत त्या तीन मरू नयेत, गरजेच्या महिन्यात विकायला तयार असाव्यात आणि विकताना वजनानं विकाव्यात, एवढंच तुम्ही धरून ठेवलंत. तुमचा सल्ला आमच्या अंगी लागला तो म्हणूनच.

आता ताणकाटा. व्यापारी कमरेवर हात दाबतो, मागचा पाय उचलून बघतो आणि आकडा सांगतो. त्याचा हात रोज पाच-पन्नास जनावरांवरून फिरतो, आपला वर्षातून दोनदा. अंदाजाच्या खेळात आपण हरणारच. तुमची रीत अशी: काटा आढ्याला किंवा निंबाच्या फांदीला टांगायचा, जुन्या लुगड्याची नाहीतर पोत्याची झोळी लावायची, रिकाम्या झोळीवर काटा शून्यावर आणायचा आणि सकाळी चरायच्या आधी, पाणी पाजायच्या आधी वजन घ्यायचं. पोतं युरियाचं असेल तर दोन पाण्यांनी धुवायचं, कारण बकरी पोतं चाटते आणि तेवढा युरियाही तिला घातक ठरू शकतो. काटा हाताशी नसेल तर शिवणकामाची टेप. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचांत, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर २६ आणि लांबी २४ असेल तर साधारण साडेचोवीस किलो. बकरी चारही पायांवर सरळ उभी हवी आणि टेप अंगाला लागून हवी, सैल नको. गाभण बकरीवर हे गणित फसतं.

जिवंत वजनाच्या ४५ ते ५० टक्के मटण पडतं, हेही तुम्ही सांगितलंत. म्हणजे २४ किलोच्या बोकडाचं ११-१२ किलो. हे माहीत असलं की मटणाच्या चालू भावावरून व्यापाऱ्याला किती सुटतं याचा हिशेब घरच्या घरी होतो. जिवंत वजनाचा भाव किलोला ४०० रुपये धरला तर वजनात ५ किलोंनी फसणं म्हणजे २००० रुपये, एका फवारणीची मजुरी आणि वर काही.

पण वजनाचा उपयोग विकण्यापुरता राहिला नाही, आणि आमच्या मते तुमचं खरं काम इथेच आहे. जंताचं औषध वजनावर द्यायचं असतं. अंदाजानं कमी दिलं की कमजोर जंत मरतात, टणक उरतात आणि पुढच्या वर्षी तेच औषध लागू पडत नाही. म्हणून आधी काटा, मग औषध. त्यातही सरसकट सगळ्यांना पाजायचं नाही. खालची पापणी अंगठ्यानं हलकेच ओढून आतला रंग बघायचा. लालसर गुलाबी असेल तर बकरी ठीक आहे. पांढरट पडली असेल तर पोटात रक्त पिणारा जंत आहे, आणि जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत असेल तर उशीर व्हायला लागलाय. पाजताना तोंड वर करायचं नाही. सिरिंज ओठाच्या कोपऱ्यातून आत घालून, डोकं सपाट ठेवून, थोडं थोडं सोडायचं. मान उंच धरून ओतलं की औषध फुप्फुसात जातं आणि दोन दिवसांनी बकरी खोकून मरते. लोक म्हणतात औषध मानवलं नाही. खरं तर ते पोटात गेलेलंच नसतं. गाभण बकरीला पहिल्या दीड-दोन महिन्यांत अल्बेंडाझोल देत नाहीत, हेही तुम्ही प्रत्येक दारात न विसरता विचारता: कधी लागली (फळली) होती?

लसीचं काम तर एकट्या घराला जमणारंच नव्हतं. पीपीआर या बकऱ्यांच्या साथीच्या रोगावरच्या लसीच्या एका बाटलीत पुष्कळ डोस असतात, १०० डोसांची बाटलीही येते. ती एकदा विरघळवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. तीन बकऱ्यांसाठी ती कोण फोडणार? तुम्ही घरोघर मोजणी करता, शंभराचा आकडा जुळवता, पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून तारीख ठरवता, लस आणि तिचं पाणी दोन्ही बर्फात आणता, आणि सूर्य वर यायच्या आत काम उरकता. कातडीखाली १ मिली, चार महिन्यांवरच्या प्रत्येक जनावराला. एकदा टोचली की तीन वर्षं बघायला नको. आजारी जनावर त्या दिवशी वगळायचं. जंताचं औषध दोन-तीन आठवडे आधी झालेलं हवं. बाजारातून आणलेली बकरी २१ दिवस वेगळी बांधायची, कारण नाका-डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड आणि मग पातळ हगवण हे सगळं बहुधा बाजारातूनच कळपात येतं. पीपीआर २०३० पर्यंत जगातून घालवायचं लक्ष्य ठरलेलं आहे. त्या मोठ्या कामातला आमच्या वाट्याचा तुकडा तुमच्या थर्मासात असतो.

आंत्रविषार या आजाराचं कारण तुम्ही नीट उलगडून सांगितलंत म्हणून तेही इथे मांडतो. पहिल्या पावसानंतर कोवळं गवत येतं, उन्हाळाभर उपाशी राहिलेली बकरी त्यावर तुटून पडते. जंतू आतड्यात आधीचाच असतो. चारा एकाएकी बदलला की तो भराभर वाढतो आणि विष सोडतो. संध्याकाळी धडधाकट असलेलं पिल्लू सकाळी मेलेलं सापडतं, आणि ते कळपातलं सगळ्यात चांगलं पोसलेलं असतं. नजर लागली म्हणतात ते यालाच. उपाय दोन: मे महिन्यात लस, पहिल्यांदाच देत असाल तर १४ दिवसांनी पुन्हा, आणि पावसाळा लागल्यावर बकऱ्या सोडायच्या आधी दोन मुठी तुरीचं किंवा हरभऱ्याचं कोरडं कुटार (मळणीनंतरचा भुसा).

वेळापत्रक बदलायचं धाडस मात्र तुमच्याशिवाय कोणी केलं नसतं. बोकड बारमाही कळपात असला की पिल्लं केव्हाही येतात, आणि श्रावणाच्या झडीत आलेली ओलाव्यानं, हगवणीनं, फुप्फुसाच्या आजारानं जातात. तुम्ही उलटीकडून मोजायला शिकवलंत. पैसा हवा जूनमध्ये. सात-आठ महिन्यांचा बोकड विकायचा तर तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात जन्मला पाहिजे. गाभणकाळ १५० दिवसांचा, म्हणजे बकरी मे-जूनमध्ये लागली पाहिजे. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचं कुटार निघतं, धुऱ्यावर (बांधावर) चारा असतो, पुढे तुरीचा पाला मिळतो, त्यामुळे आईला दूध येतं. अडचण एकच, मे महिन्यात बकरी खंगलेली असते. त्यावर तुम्ही बाभळीच्या शेंगा दाखवल्यात. त्या त्याच दिवसांत पडतात, फुकट असतात. बकरी लागायच्या आधी तीन आठवडे शेंगा आणि २०० ग्रॅम भरडा दिला तर जुळं होण्याची शक्यता वाढते. बाकीच्या महिन्यांत बोकडाच्या पोटाखाली फडकं बांधायचं, म्हणजे अवेळी बकरी लागत नाही. दोन वर्षांत तीन वेत हे पुस्तकात ठीक आहे. उन्हाळ्यात चारा नसलेल्या घरानं तो हट्ट धरला तर जुळी पिल्लं दुधाविना मरतात, हे तुमचं म्हणणं आम्हाला पूर्ण पटलं. बकरी ईदसाठी बोकड ठेवायचा असेल तर हिशेब वेगळा: तो वर्ष पार केलेला, दोन दाती हवा, शिंग मोडलेलं, कान फाटलेला किंवा लंगडा नको, आणि ईद दर वर्षी १०-११ दिवस अलीकडे येते, तेही धरायचं.

बोकडाबद्दलची तुमची गोष्ट ऐकायला कडू होती. जो बोकड चांगला वाढतो तो आधी विकला जातो. मागे उरतो किरकोळ, आणि गावातल्या बकऱ्या त्याच्याकडूनच लागतात, पुढे त्याच्या मुलीही. आमची बेरारी बकरी लहान होत गेली असेल तर त्याचं कारण रक्तात शोधण्याआधी या सवयीत शोधावं लागेल. आता २०-२५ बकऱ्यांमागे एक निवडलेला बोकड विकायचा नाही, आणि त्याच्या पाठी (मादी पिल्लं) वयात यायच्या आत शेजारच्या गावाशी त्याची अदलाबदल करायची, हे ठरलंय.

जन्माच्या वेळचं एकच सांगतो, कारण ते सगळ्यात जास्त पिल्लं वाचवतं. वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही, ही जुनी रीत चुकीची आहे. चिकातली ताकद पिल्लाच्या आतड्यातून रक्तात जाते ती पहिल्या दिवसातच, आणि पहिल्या तासांत सगळ्यात जास्त. दोन किलोच्या पिल्लाला दिवसभरात २०० मिली, तीन-चार वेळा करून, पहिला घोट तासाच्या आत. पिल्लू ओढायला लागलं की वारही लवकर पडते. वार हातानं ओढायची नाही. नाळ पोटापासून दोन इंचांवर स्वच्छ दोऱ्यानं बांधून, नव्या ब्लेडनं कापून, आयोडीनमध्ये बुडवायची.

कोठ्याचं थोडक्यात: बकरीमागे १० चौरस फूट, बांबूचा मचाण, फटी बोटभर, त्याहून रुंद असल्या की पिल्लाचा खूर अडकतो. पावसाच्या बाजूला पोती, पण वरची हात-दीड हात जागा उघडी, नाहीतर मुताच्या वाफेनं खोकला धरतो.

उलंगवाडीनंतर, म्हणजे कापसाची वेचणी संपल्यावर, पऱ्हाटीत बकऱ्या सोडायची आपल्याकडे चाल आहे. शेवटची फवारणी कधी केली, धुऱ्यावर तणनाशक मारलं का, हे वावरवाल्याला विचारल्याशिवाय आत शिरायचं नाही, असं तुम्ही पोरांकडूनही पाठ करून घेतलंत. लाळ गळायला लागली, अंग थरथरलं, डोळ्याची बाहुली बारीक झाली तर घरगुती उपाय करत न बसता १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकावर फोन लावायचा आणि औषधाचा डबा डॉक्टरांना दाखवायला जपून ठेवायचा. वाघाच्या भीतीनं रान आणि तणनाशकानं धुरे कमी होत चाललेत, चराई आता याच वावरांवर आली आहे. म्हणून ही सूचना आम्हाला लसीइतकीच मोलाची वाटते.

ताई, यातल्या कशालाही तुम्ही कधी उपकाराचा सूर लावला नाही. बकरी मेली तर बाईचं काय जातं हे तुम्हाला सांगावं लागलं नाही. त्यासाठी मनापासून आभार.

आंत्रविषारचा पहिला डोस १५ मेच्या आसपास आणि दुसरा त्या महिन्याच्या अखेरीस घ्यायचं ठरवलंय, म्हणजे मृगाच्या आत दोन्ही होतील. मोजणी आम्ही करून ठेवतो, बर्फ आम्ही आणतो. त्या दोन्ही सकाळी बकऱ्या चरायला सुटणार नाहीत. काटा तेवढा तुम्ही आणा. एप्रिलनंतर पिल्लांची वजनं घ्यायची राहिली आहेत.

तुमच्या,
बकरीवाल्या बाया आणि कास्तकार
घाटंजी तालुका, जि. यवतमाळ