दिगंबरास पत्र : सरकीचा जुना वाद

परभणी,
14 नोव्हेंबर

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

तुझी दोन पत्रे उत्तराविना पडून असताना मीच आपण होऊन लिहायला बसलो आहे, त्यावरून कारण तसेच काही असणार हे तू ताडले असशील. घरी सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. आईचा गुडघा दुखतो आणि ती पायऱ्या चढायचे सोडत नाही.

घडले ते असे. बाळूदादाच्या खालच्या वावरातील कपाशीची बोंडे रेणुकाने प्रयोगशाळेत आणली, प्रत्येक बोंडातील सरकी सुटी करून भिजवली आणि एकेक सरकी वाटून तिच्यावर बीटी प्रथिने, म्हणजे जिवाणूच्या जनुकातून आलेली अळीमारक प्रथिने, दाखवणाऱ्या पट्ट्या लावल्या. झाडाच्या पानात क्राय1एसी आणि क्राय2एबी ही दोन्ही प्रथिने होती. सरकीत मात्र कुठे दोन्ही, कुठे एकच आणि क्वचित एकही नाही. बरीच बोंडे एकत्र धरल्यावर प्रमाण मेंडेलच्या 9:3:3:1 च्या (सोळांत नऊ सरक्या दोन्ही प्रथिनांच्या, तीन-तीन एकेकाच्या, एक बिनप्रथिनाची) इतके जवळ आले की तिने वही माझ्यापुढे ठेवली आणि काही न बोलता उभी राहिली. मला त्या क्षणी वसतिगृहाची गच्ची आठवली, आणि रात्री दोन वाजता मेंडेलच्या नावाने चाललेली तुझी आरडाओरड.

तुला पाठ असलेलेच सांगतो, कारण पुढची काळजी त्याशिवाय मांडता येत नाही. आपल्याकडे बीटी कपाशी संकरित बियाण्यातून आली आणि दोन्ही जनुके बहुधा एकाच पालकाकडून येतात. त्यामुळे पेरलेले झाड पूर्ण बीटी असले तरी त्याच्या बोंडातील सरकी ही पुढची पिढी असते आणि तिच्यात जनुके विभागली जातात. तीस-बत्तीस सरक्यांच्या बोंडात तत्त्वतः दोन सरक्या प्रथिनाविना असणार. शेंदरी बोंडअळी तर सरकीवरच जगते. अंड्यातून निघाली की कोवळ्या बोंडात शिरते, छिद्र बुजते आणि वरून कितीही फवारा, तिला काही कळत नाही.

तू तेव्हा म्हणत होतास की प्रथिनाविना असलेली ही सरकी म्हणजे फुकटची आश्रयपेर आहे, म्हणजे संवेदनशील अळ्या जगाव्यात म्हणून मुद्दाम राखलेली बिगरबीटी कपाशीच जणू. तिच्यावर वाढलेले संवेदनशील पतंग प्रतिकारक पतंगांशी संकर करतील, प्रतिकार अप्रभावी गुण (दोन्ही पालकांकडून आला तरच दिसणारा) असल्याने त्यांची पिल्ले बीटी झाडावर मरतील. माझे म्हणणे असे होते की अळी एका सरकीवर थांबत नाही. बिनविषारी सरकीवर पोसून ती शेजारच्या सरकीकडे वळते, तिच्या पोटात मात्रा पातळ पडते आणि एकच प्रतिकारक जनुक असलेली अळीही तगते, म्हणजे अप्रभावी गुण अप्रभावी राहत नाही. तू त्यावर बोंडाची साल पुढे केलीस, जी मातृवृक्षाची असल्याने पूर्ण बीटी असते आणि अळीला आत जाताना कुरतडावीच लागते. सरांनी खालून दिवा बंद केला नसता तर आपण पहाटेपर्यंत भांडलो असतो. चीनमध्ये यांग्त्झी खोऱ्यात शेतकऱ्यांनी दुसऱ्या पिढीचे बियाणे पेरले आणि अळीचा प्रतिकार उतरला, हा 2017 चा शोधनिबंध तू विजयपत्रासारखा पाठवला होतास. माझे उत्तर अजूनही तेच आहे : तिथे चौथा हिस्सा झाडे संपूर्ण बिगरबीटी होती आणि अळी झाड बदलत नाही; आपल्याकडे मिसळ बोंडाच्या आत आहे.

रेणुकाच्या वहीने हा वाद मिटत नाही. बाळूदादाच्या वावरातील अळी आता दोन्ही प्रथिने पचवते, त्यामुळे आज ती कोणती सरकी खाते यावरून 2006 मध्ये दुहेरी जनुकाचे वाण आल्यावर काय घडले ते सिद्ध होणार नाही. हे तिला समजावताना मला वाईट वाटले, कारण तिने प्रबंधाचे शीर्षकही ठरवून टाकले आहे.

माझी खरी काळजी निराळी आहे. रविवारी गावात बैठक आहे आणि फरदड (हंगामानंतर पाणी देऊन राखलेली कपाशी) घेऊ नका, डिसेंबरअखेर पऱ्हाटी (कपाशीची झाडे) उपटा, हे सांगायला मला बोलावले आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी आले की चौथी-पाचवी वेचणी कोणाला नको असते? तोच लांबलेला हंगाम अळीला पिढीमागून पिढी देतो आणि उरलेल्या अळ्या जोडसरकीत (एकमेकींना चिकटवलेल्या दोन सरक्यांत) पडून पुढच्या पावसाची वाट पाहतात. दादा उठून विचारणार, हे मला माहीत आहे : एवढे झाले ते आमच्या फरदडीने झाले काय? प्रामाणिक उत्तर द्यायचे तर सरकीची गोष्ट सांगावी लागेल. 450 ग्रॅमच्या पिशवीसोबत तेव्हा मिळणारे आश्रयपेरीचे 120 ग्रॅमचे बिगरबीटी पाकीट दादाने वर्षानुवर्षे माळवदावर फेकले हे खरे, पण दीर्घ मुदतीचे संकरित वाण त्याने निवडून आणले नव्हते. बाजारात दुसरे होतेच काय? आणि मी हे बोललो की सभेत एवढेच ऐकू जाईल की बियाणेच खोटे. मग पऱ्हाटी कोण उपटणार? जे एक काम अजून त्यांच्या हातात आहे, तेच माझ्या खऱ्या बोलण्याने सुटेल. गप्प राहिलो, तर सगळा दोष त्यांच्या पदरात टाकून मी जीपमधून परत येईन, आणि तसे करणारे लोक आपण दोघांनी पुष्कळ पाहिले आहेत. 2017 च्या हिवाळ्यात कवडी (अळीने किडलेल्या) कापसाच्या ढिगावर बसून दादा मला काय म्हणाला होता, ते तुला माहीत आहे.

अमेरिकेने ही अळी संपवल्याचे 2018 मध्ये जाहीर केले, हे तू लगेच म्हणशील. त्यांनी बीटी कपाशी, वांझ पतंग, कामगंध (नराला भुलवणारा मादीचा गंध) आणि पीक वेळेवर काढून टाकणे हे सारे एकत्र केले होते. पैकी शेवटचेच तेवढे आमच्या गावाला फुकट परवडते, म्हणून तर ही तगमग.

तुझी बदली झाली का? वहिनींना नमस्कार सांग. चिन्मयला जीवशास्त्र घ्यायचे नसेल तर ओढू नकोस. एका घरात एकच वेडा पुरे. हैदराबादेत तू बियाण्याच्याच धंद्यात असल्याने माझ्या प्रश्नावर तुला अवघडल्यासारखे होईल, पण तुझ्याशी भांडल्याखेरीज माझी मते कधी सरळ झालेली नाहीत.

तेव्हा शनिवारी रात्री फोन कर. निम्म्या खाल्लेल्या सरकीवर पट्टी विश्वासार्ह उमटते का, हे रेणुकाने विचारले आहे; तेही सांग. आणि सभेत सरकीची गोष्ट आधी सांगू की पऱ्हाटी उपटण्याचे वचन घेतल्यावर, यावर विचार करून ठेव. माझा कल आधी सांगण्याकडे आहे, तुझा नसणार.

तुझा,
अनंत