जुनी फोर-व्हील उभी करायची का? आधी चासी ठोकून पाहा

महोदय,

जुन्या फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणाऱ्या, गाड्या नव्याने उभ्या करण्याविषयी जे छापून येते त्यात हमखास दोन छायाचित्रे असतात. एक गंजलेल्या गाडीचे, दुसरे चकचकीत गाडीचे. गाडी हाती घ्यावी की नाही, हा मधला निर्णय मात्र राहूनच जातो. घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘इंजिन चालू होते का?’ खरे तर तो बराच नंतरचा प्रश्न आहे. इंजिन उतरवून दुरुस्त करता येते, नाहीतर दुसरे बसवता येते. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, गेली असेल तर उरलेली सगळी गाडी सुटी करावी लागते.

या गाड्यांची चासी शिडीसारखी असते : दोन लांब तुळया आणि मध्ये आडवे तुकडे. अनेक मॉडेलांत या तुळया पेटीसारख्या पोकळ असतात. चिखल-पाणी आत शिरते, बाहेर निघत नाही, आणि पत्रा आतून गंजत जातो. बाहेरचा काळा रंग तोवर शाबूत दिसतो. म्हणून गाडीखाली आडवे होऊन छोट्या हातोडीने तुळई टोकापासून टोकापर्यंत ठोकत जावे. चांगला पत्रा खणखणतो, गेलेला बद्द वाजतो. तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबला की कळतेच. मागचा आडवा तुकडा, स्प्रिंगच्या पाट्या ज्यावर टांगतात ते हँगर, बॉडी जिथे टेकते ते ब्रॅकेट आणि पेट्रोलच्या टाकीवरचा भाग आधी पाहा. जुन्या गंजावर नवा पत्रा वेल्ड केलेला दिसला तर आणखी सावध व्हा. दोन पत्र्यांमध्ये पाणी अडून राहते आणि ठिगळाच्या कडेने गंज पुढे सरकतो. शेवटी टेप घेऊन चासीच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या सारख्या जागच्या बोल्टांमधले दोन्ही कर्ण (तिरपी अंतरे) मोजा. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक म्हणजे गाडी बहुधा कधीतरी आदळली आहे.

लँड रोव्हरच्या जुन्या मॉडेलांत माणूस हमखास फसतो. १९४८ पासून त्यांच्या बॉडीचे बहुतेक पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहेत. ते लाल गंजत नाहीत, त्यामुळे गाडी तरुण दिसते. चासी आणि डॅशबोर्डमागची भिंत मात्र पोलादाची असते. दोन धातू जिथे टेकतात तिथे ओलीत ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. रंगाखाली भरलेली पुट्टी शोधायला लोहचुंबक चांगला, पण या पत्र्यांवर तो निरुपयोगी.

आता इंजिन. जाम असेल तर स्टार्टर मारू नका आणि गिअरमध्ये टाकून ओढूही नका. पिस्टनच्या रिंगा तुटतात, अडकलेल्या व्हॉल्व्हमुळे ते उघडणारे पुशरॉड वाकतात. प्लग काढून सिलिंडरांत डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल मिसळून घाला, काही दिवस मुरू द्या आणि क्रँकच्या नटावर लांब पाना लावून पुढे-मागे हलवत सोडवा. पेट्रोल इंजिन फिरत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा : इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. सिलिंडरांच्या आकड्यांत १०-१५ टक्क्यांहून जास्त तफावत नको. कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंगांत किंवा बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या भिंतीत), नाही चढला तर व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणाखालच्या पट्टीत). शेजारशेजारचे दोन सारखेच खाली असतील तर गॅस्केट बहुधा त्या दोघांच्या मध्ये फुटले आहे.

ट्रान्स्फर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी, बघायला लोक विसरतात. लो रेंज (त्या पेटीतला जास्त ओढीचा, कमी वेगाचा गिअर) टाकून चढ चढा आणि त्याच गिअरमध्ये उतरा. लिव्हर उडून बाहेर आला तर आतले गिअर झिजले आहेत. मधला डिफरन्शिअल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नसलेली गाडी कोणी कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये चालवली असेल, तर पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांतला फरक गिअर आणि शाफ्ट सोसत आलेले असतात. ऑइल काढल्यावर चुंबकी बोल्टवर राखाडी चिकटा असतोच, त्याची काळजी नको. धातूच्या कपच्या असतील तर किंमत पाडून मागा. नवे ऑइल भरताना डिफरन्शिअल आणि गिअरबॉक्स एकाच डब्यातून भरू नका. डिफरन्शिअलमधल्या हायपॉइड क्राउन-पिनियन गिअरांना जीएल-५ दर्जाचे ऑइल लागते, पण त्यातली रसायने जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या) त्रास देऊ शकतात. तिथे बहुधा जीएल-४ सांगितलेले असते.

रबरी ब्रेक होज, व्हील सिलिंडर, कडक झालेली वायरिंग आणि टायर यांचा खर्च धरूनच हिशेब करा, ते चांगले दिसले तरी. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा : २३०९ म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा.

खोक्यात भरलेली, ‘सगळे पार्ट आहेत’ म्हणून मिळणारी सुटी गाडी शक्यतो घेऊ नये. बेअरिंगे आणि ऑइल सील मिळतात. काचांच्या चौकटी, मीटर, बिजागऱ्या, छताचे सांगाडे मिळत नाहीत, आणि नेमके तेच खोक्यात नसतात. चासीवर कोरलेला नंबर कागदांशी जुळतो का, हे पैसे देण्याआधी पाहावे. चासी बदलावी लागणार असेल तर त्या नंबराचे काय करायचे, हे नोंदणी करणाऱ्या कार्यालयाला आधी विचारावे, कापाकापी नंतर.

चासी शाबूत असेल तर गाडी लगेच उघडू नका. ब्रेक, इंधनाची लाइन आणि रेडिएटर ठीक करून दोन-तीनशे किलोमीटर चालवा. काय गळते, काय वाजते, कुठला गिअर सुटतो, हे सुट्या गाडीवर कळत नाही. पुष्कळदा एवढ्यावरच भागते आणि मूळ रंग तसाच ठेवता येतो. उघडायचीच ठरली तर प्रत्येक जोडाचा फोटो, प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर जागेचे नाव. नवे ब्रेक पाइप बसून गळती तपासली जाईपर्यंत जुने टाकू नका. लांबी, वळण आणि आटे जुळवायला तेच लागतात.

– एक वाचक