घड्याळ एकट्या ‘पिरियड’चे नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला शरीरातल्या घड्याळावरचा लेख वाचला. सोबतचा फोटो आंबा-पेरूत अंडी घालणाऱ्या फळमाशीचा आहे. बागायतदार जिच्यासाठी सापळे टांगतात ती. या घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल 2017चे नोबेल मिळाले ते ड्रोसोफिलावरच्या कामाला. म्हणजे ओट्यावरच्या काळ्या पडलेल्या केळ्यांवर घोंगावणारे, तांबड्या डोळ्यांचे, जेमतेम तीन मिलिमीटरचे चिलट.

फोटोचे सोडा. ‘पिरियड नावाचे जनुक घड्याळ चालवते’ हे वाक्य जास्त खटकले. 1971 मध्ये कोनोप्का आणि बेंझर या शास्त्रज्ञांना अंगातले घड्याळ बिघडलेली तीन तऱ्हांची चिलटे मिळाली. एकाचा दिवस 19 तासांचा, दुसऱ्याचा 28चा, तिसऱ्याला ताळतंत्रच नाही. तिन्ही बिघाड एकाच जनुकात, त्यामुळे तसा समज होतो खरा. पण पिरियडचे प्रथिन एकटे टिकत नाही. डबलटाइम नावाचे विकर त्याला फॉस्फेट चिकटवते आणि पेशी ते प्रथिन मोडीत काढते. टाइमलेस हे दुसरे प्रथिन त्याला बिलगले तरच ते तगते. संध्याकाळपासून दोन्ही साठत जातात, मध्यरात्रीच्या सुमारास पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि क्लॉक व सायकल या प्रथिनांच्या जोडीला अडवतात. गंमत म्हणजे पिरियड-टाइमलेसची जनुके चालू करते तीच ही जोडी! पोरांनी बापाचाच हात धरावा तसे. सकाळी उजेड पडला की क्रिप्टोक्रोम हे उजेड टिपणारे प्रथिन टाइमलेसला धरते, ते नष्ट होते, उघडे पडलेले पिरियडही हळूहळू संपते, आणि क्लॉक-सायकल पुन्हा मोकळी. फेरा सुमारे 24 तासांचा. वेळ मोजली जाते ती या साठण्याला आणि झिजण्याला लागणाऱ्या उशिरात.

माणसात पिरियडचा जोडीदार म्हणून टाइमलेसऐवजी क्रिप्टोक्रोम येते आणि उजेडाची वर्दी डोळ्यांतून मेंदूला जाते. बाकी मांडणी बरीचशी तीच.

माझे वडील गिरणीत होते. पाळी दर आठवड्याला बदलायची. रात्रपाळी करून सकाळच्या उन्हात घरी यायचे, खिडकीला चादर लावून झोपायचे, तरी दहाला टक्क जागे. आई म्हणायची, “गिरणीचा भोंगा बंद होईल हो, तुमच्या अंगातला कोण बंद करणार?”

आपल्या लेखकांनी पाळीवाल्यांना ‘मनाचा निर्धार करून दिवसा झोपायची सवय लावा’ असा सल्ला दिला आहे. त्यांनी एक आठवडा यंत्रमागावर रात्रपाळी करून बघावी. खिडकीला लावायला चादर मी देतो.

— एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक, सोलापूर