सतारमेकर गल्लीतल्या चाचांना

आदरणीय चाचा,

सलाम.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं चाचा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत या हाकेला निम्मी दुकानं ओ देतील, तेव्हा आभार थोडे गल्लीत वाटून घ्या.

मी तुमच्याकडे आले ती दोन तंबोरे विकायला. मोठा मर्दानी बाबांचा, लहान जनानी माझ्या गाण्याच्या बाईंनी मला दिलेला. आईला अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेल्या होत्या. दवाखान्याचं बिल रोज फुगत होतं, आणि घराच्या वाटणीवरून भावाशी बोलणं तुटलेलं. बाबा तर आधीच गेले होते. बाई २०२१च्या दुसऱ्या लाटेत गेल्या, शेवटचं दर्शनसुद्धा झालं नाही. त्याच सुमारास माझा संसार मोडला. नवराच तबल्याला असायचा, त्यामुळे घराबरोबर ठेकाही गेला. रियाज कधी बंद पडला ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

यातलं तुम्ही काहीच विचारलं नाहीत. गवसण्या उतरवल्यात, मोठ्याच्या भोपळ्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलीत, कान लावलात. म्हणालात, ‘पंढरपूरकडचा भोपळा. पाठ बघा कशी जाड आहे.’ पुण्यातल्या एका व्यापाऱ्यानं फोटो बघूनच भाव कळवला होता. त्याला तो हॉटेलात दर्शनी भागी उभा करायचा होता, तारा नसल्या तरी चालणार होतं. तुमचा भाव त्याच्यापेक्षा कमी होता, हे इथे लिहायला हरकत नाही. पण तुम्ही म्हणालात, ‘मोठा ठेवून घेतो. गाणाऱ्याच्याच हातात जाईल. लहान घेत नाही. त्याची जवारी गेलीय, तारा गुंजत नाहीत. ती आधी काढू.’

पैसे तिथेच मोजून दिलेत आणि जवारीची मजुरी त्यातूनच कापून घेतलीत. चाचा, मला सगळ्यांत बरं वाटलं ते याचं. त्या दिवसांत जो तो माझ्याकडे बघून च्‌च्‌ करत होता. तुम्ही मला गिऱ्हाईक मानलंत.

जवारी काढताना मी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. तारा ढिल्या करून बाजूला सारायच्या, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या पाठीवर कानस अगदी हलकी फिरवायची, बोटानं भुकटी पुसायची, तारा परत चढवायच्या, छेडायच्या, मान हलवायची, पुन्हा उतरवायच्या. कानस जरा जास्त चालली की स्वर फुटतो, कमी चालली की बंद राहतो. मग तारेखाली दोरा सरकवलात आणि विचारलंत, ‘पट्टी कुठली?’

‘पेटीची काळी चार. गायचे.’

‘मग लावा की सा. त्याशिवाय कानस कुठं थांबवायची ते मला कसं कळणार?’

समजूत घालणारं कुणी असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण तुमचं काम माझ्यामुळे खोळंबलं होतं, मग काय करणार! लावला. आवाज खरखरीत आला. तुम्ही तोंड वर न करता म्हणालात, ‘अजून एकदा, लांब.’ असं किती वेळ चाललं कोण जाणे. पोराला दोनदा चहा आणायला पिटाळलंत एवढं आठवतंय.

तुमचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. फरीदसाहेबांनी १८५०च्या सुमारास तंतुवाद्यांना हात घातला आणि गल्लीचा धंदाच बदलला. हे मला पाठ आहे, बाबा सांगायचे. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यांची फार आठवण आली. पण गाणाऱ्याला समोर बसवून सा लावायला लावणं हे कुठल्या मानांकनात मावणार?

आई आता घरी आहे. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा होऊन बोलणं गेलं, तरी गाणं पुष्कळदा शिल्लक राहतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझा विश्वास नव्हता. लहान तंबोरा तिच्या खाटेशेजारी घेऊन बसले, आणि तिनं भजनाचा अख्खा चरण शब्दांसकट म्हटला. बाकी बोलणं अजून अडतंच. चहा हवा असला तरी तोंडातून ‘बस’ निघतं, मग आपणच चिडते. तिच्यासाठी म्हणून रोज तंबोरा जुळवते, आणि तो जुळला की माझाही रियाज होतो. भाऊ येऊन गेला. वाटणी तशीच आहे, पण आता फोन करतो.

आणि तो तुमचा फोन! मोठा तंबोरा शिकणाऱ्या एका मुलाला दिलात आणि तो छेडत असताना मला ऐकवलात. बाबांचा खर्ज मी डोळे मिटून ओळखला असता. रडले, पण त्या व्यापाऱ्याला दिला असता तर कसली रडले असते ते नको.

किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७मध्ये गेले, तरी मिरजेच्या दर्ग्यात मीरासाहेबांच्या उरुसात त्यांच्या नावानं अजून गाणं होतं. यंदा ऐकायला येणार आहे. आईजवळ मावशी थांबेल. येताना तंबोरा आणते. पंचमाची खुंटी सरकते, खडू लावून पाहिला, थांबत नाही. नवी बसवावी लागली तर काय पडेल ते आधी कळवा, आणि मजुरी याही वेळी पूर्ण घ्या.

तुमची,
काळी चारवाली