सौंदत्तीला न्यायची तर आधी नळ्या बदला

ऑक्सफर्ड,
ऑक्टोबर

ती. आप्पांना शि. सा. न.

फोनवर तुम्ही म्हणालात, "तुझ्या त्या दोन शिटांच्या गाडीला काय काय केलंस ते लिहून पाठव, मिस्त्रीला दाखवतो." मागून आईचा आवाज, "एवढं शिकून लोखंडात कशाला हात घालतीस म्हणून विचारा की आधी." आईचं उत्तर सोपं आहे. जन्मभर बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाची पोरगी दुसरं काय करणार? तुमचं उत्तर मात्र लांबतंय, म्हणून फोन सोडून पत्र.

मुख्य गोष्ट आधी. मार्गशीर्ष पौर्णिमेला ॲम्बॅसिडर सौंदत्तीला यल्लमाच्या दर्शनाला न्यायची असं तुम्ही ठरवलंय आणि ती गाडी लॉकडाऊनपासून मागच्या पत्र्याखाली उभी आहे. मिस्त्री म्हणतात, नवी बॅटरी टाकू, स्टार्टर मारू, सुरू होईल. होईलही. पण मारू देऊ नका.

माझ्या एमजीबीवरून तुमच्या ॲम्बॅसिडरबद्दल बोलतेय, कारण दोघी चुलत बहिणी आहेत. मी राहते तिथून काउलीचा कारखाना बसच्या अंतरावर. मॉरिस ऑक्सफर्ड तिथे बनायची. तिचंच तिसरं मॉडेल बंगालात उत्तरपाड्याला गेलं आणि तिकडे ॲम्बॅसिडर म्हणून निघायला लागलं. शहराच्या दुसऱ्या बाजूला ॲबिंग्डन, तिथे १९६२ पासून ऑक्टोबर १९८० पर्यंत एमजीबी बनली, पाच लाखांच्या वर. इंजिन दोघींनाही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजचं. आपल्या मार्क थ्री ॲम्बॅसिडरचं १४८९ सीसी, माझ्या ७२ सालच्या गाडीचं १७९८. स्पोर्ट्‌स कार म्हणून लोक वळून बघतात, पण बॉनेट उघडलं की आत आपल्या टॅक्सीवाल्यांचंच इंजिन, दोन कार्बोरेटर लावून बसलेलं! फायरिंग ऑर्डर तीच, एक-तीन-चार-दोन. टॅपेट सेट करताना नऊची बेरीजसुद्धा तीच. आठवा व्हॉल्व पूर्ण दाबला की पहिला सेट करायचा, सातवा दाबला की दुसरा. तुम्ही मला टॉर्च धरायला लावून शिकवलेलं इथं जसंच्या तसं चालतं. माझ्या गाडीला १५ थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश, एवढा गॅप लागतो. तुमच्या गाडीचा आकडा कपाटातल्या मॅन्युअलमध्ये बघा, माझ्या सांगण्यावर जाऊ नका.

आता गाडी उठवायची कशी ते. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी हँडल घालून इंजिन हातानं फिरवा. अडलं तर जोर करायचा नाही, पुन्हा ऑइल सोडून थांबायचं. रिंगा सिलिंडरला धरल्या असतील तर स्टार्टरच्या एका झटक्यात मोडतील, आणि मग मिस्त्रींचं "होईल सुरू" फार महागात पडेल. इंजिन मोकळं फिरलं की जुनं ऑइल काढून २०-५० ग्रेडचं घाला. हल्लीच्या गाड्यांचं पातळ ऑइल या इंजिनाला नको. प्लग न लावताच स्टार्टर मारा आणि ऑइलचं प्रेशर चढलेलं दिसलं की मगच प्लग लावा.

पण खरा घोळ पेट्रोलचा आहे. इथे सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांसाठी पाच टक्केवालं महागडं पेट्रोल अजून मिळतं, मी तेच भरते. तिकडे आता २० टक्के. ऊस आपल्याच जिल्ह्यातला, इथेनॉलही आपल्याच भागातल्या कारखान्यांचं, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करायची! शेतकऱ्याला चार पैसे मिळतात ते चांगलंच आहे. पण त्या काळातलं रबर इथेनॉल सोसत नाही. नळी बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून फुगून सुटायला लागते. मी माझ्या गाडीची टाकीजवळची नळी काढून वाकवली तेव्हा आतून काळा, ओला चुरा बोटांना लागला. असा चुरा कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये जातो, पेट्रोल अडवणाऱ्या सुईखाली अडकतो, कार्बोरेटर भरून वाहायला लागतो. आणि या इंजिनात कार्बोरेटरच्या खालीच तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतो. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

तेव्हा टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत रबराची एकही जुनी नळी ठेवू नका. इथेनॉल चालणारीच नळी मागा. तिच्यावर आर-९ असं छापलेलं असतं आणि आत व्हिटॉनचा, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा, थर असतो. "हीसुद्धा तसलीच आहे" असं दुकानदार म्हणाला तरी छापील अक्षरं बघितल्याशिवाय घेऊ नका. मला इथल्या एका दुकानानं असंच नवं म्हणून दिलेलं रबर वर्ष व्हायच्या आत तडकलं. पंपाचा पडदाही त्याच मटेरियलचा घ्या. बेळगावात नाही मिळालं तर कोल्हापूरच्या काकांना सांगा, ते शाहूपुरीत शोधतील.

टाकी खाली करून आत गंज किती आहे तेही बघा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडे जूनपासून सगळं दमट असतं, त्यात टाकी इतके पावसाळे तशीच उभी. पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट तळाला वेगळं बसतं आणि पत्रा आतून खातं. सौंदत्तीहून परत आल्यावर गाडी पुन्हा झाकून ठेवणार असाल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका. अजून एक, इथेनॉलमुळे पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ पडतं, म्हणून मिस्त्रींना कार्बोरेटर किंचित रिच, म्हणजे पेट्रोल जरा जास्त, ठेवायला सांगा, नाहीतर चढाला इंजिन तापेल.

इग्निशनचं आपल्या बारक्यानं विचारलं होतं. होय, मी इलेक्ट्रॉनिक बसवलंय. मूळ डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतच मावतं, पॉइंट आणि कंडेन्सर निघून तिथे छोटं मॉड्यूल बसतं, दोन वायरी कॉइलला जातात. बाहेरून काही कळत नाही. हल्लीचे नवे कंडेन्सर इतके बेभरवशाचे निघतात की हा बदल मी कुणालाही करायला सांगेन. मात्र घेण्याआधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय ते बघा. एमजीबीला १९६७ पर्यंत प्लस बॉडीला असायचा, नंतर मायनस. मॉड्यूल उलटं जोडलं तर क्षणात जळतं. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवूनही जळतं, आणि बारक्याला गाण्यांसाठी चावी चालू ठेवायची सवय आहे. जुना पॉइंट-सेट फेकू नका, डॅशबोर्डच्या खणात ठेवा. रामदुर्गच्या रस्त्याला मॉड्यूल गेलं तर पॉइंट घालून घरी येता येतं.

हेडलाइटला रिले घातले. मूळच्या वायरिंगमध्ये सगळा करंट स्विचमधून जातो, त्यामुळे स्विच तापतो आणि दिवे पिवळट लागतात. दोन रिले आणि थोडी जाड वायर, खर्च किरकोळ, फरक लगेच दिसतो. अर्थिंग बिघडलेलं असेल तर मात्र रिलेही काही करू शकत नाही. बॉडीला जिथे जिथे काळी वायर टेकते तिथला रंग-गंज घासून चकचकीत करा, मग घट्ट आवळा. या गाड्यांची वायरिंग वाईट म्हणून बदनामी आहे, पण मला सापडलेल्या बहुतेक बिघाडांत वायर चांगली होती, तिचं टोक गंजलं होतं. तिथल्या वायरी उंदरांनी खाल्ल्या असतील ती गोष्ट वेगळी.

तुम्हाला आवडेल असं एकच काम माझ्याकडे आहे जे तुमच्या गाडीत नाही, कारण तुम्हाला कार्बोरेटर एक. माझे दोन एसयू कंपनीचे आहेत आणि दोघांनी सारखीच हवा ओढायला हवी. त्यासाठी यंत्र मिळतं, मी रबरी नळीचा तुकडा वापरते. एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. सूं असा आवाज येतो. मग दुसऱ्याला लावायची. एकाचा आवाज जाड, एकाचा बारीक, असं असेल तर थ्रॉटलचा स्क्रू पाव-पाव आट्यानं फिरवत दोन्ही आवाज एका सुरात आणायचे. नंतर मिश्रण. आतला पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलायचा. इंजिन वेग घेऊन तसंच पळत राहिलं तर रिच, बसायला लागलं तर पातळ, क्षणभर वर जाऊन जागेवर आलं तर बरोबर. शेजारच्या बाई कुंपणावरून बघत होत्या. मी गाडीचे ठोके तपासतेय असं त्यांना वाटलं असावं.

काय केलं नाही तेही बारक्याला वाचून दाखवा. पाच गिअरचा नवा बॉक्स घालतात, मी घातला नाही. माझ्या गाडीला ओव्हरड्राइव्ह आहे, हायवेला तेवढं पुरतं. रंगीत एलईडी नाहीत, मोठी चाकं नाहीत. १९८८ पासून एमजीबीची अख्खी नवी बॉडी जुन्याच साच्यांवर दाबून विकतात. पण तिची किंमत ऐकली आणि नाकापेक्षा मोती जड म्हणून सोडून दिलं, दरवाज्यांखालच्या गंजलेल्या सिल कापून नव्या वेल्ड करून घेतल्या. इथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला दरवर्षीची तपासणी माफ आहे, पण गाडीत फार मोठे बदल केले तर ती सवलत जाते. माफ असूनही मी तपासून घेते. बारक्याला म्हणावं, आधी थांबणारी गाडी कर, मग पळणारी कर.

थांबण्यावरून: चारही चाकांचे ब्रेक उघडून सिलिंडरची रबरं नवी घाला, ब्रेक ऑइल पूर्ण बदला, रबरी ब्रेकपाइप बदला. यात काटकसर करू नका. पुढच्या चाकांच्या ग्रीस निपलांमधून जुनं काळं ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवं मारा. गाडीखाली जाताना जॅकवर विसंबू नका, लाकडी ठोकळे लावा. तुम्ही मला ओरडायचात, आता मी तुम्हाला ओरडते. आणि पासिंग संपलंय का ते आधी बघा, नाहीतर एवढं करून गाडी दारातच!

मार्गशीर्षात ऊसतोड जोरात असेल. यल्लमाहून रात्री निघू नका, ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात. पहाटे निघा, दर्शन घेऊन उजेडात घरी या.

आईला सांगा, हात रोज धुते.

तुमची लेक

ता. क. माझ्या मागच्या कार्बोरेटरचा थ्रॉटल स्पिंडल झिजलाय, बाजूनं हवा खेचतो, त्यामुळे आयडलिंग बसत नाही. स्पिंडल ५/१६ इंची आहे, भोकाचं माप घेऊन वेगळं कळवते. दोन पितळी बुश टर्न करून द्याल का? इथे एवढ्याशा कामाला कुणी लेथ लावत नाही. मावशी जानेवारीत येणार आहेत, त्यांच्याबरोबर पाठवा. फक्त कुंद्याच्या डब्यात ठेवू नका, मागच्या वेळी वॉशरना तूप लागलं होतं.