गाडी नैरोबीत ठेवून येते आहे

नैरोबी,
फेब्रुवारीअखेर

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि. आजीला शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा दोनदा म्हणाले, "गाडी तिथंच सोडून येऊन राहिली काय? परक्या मुलखात, कोणाच्या भरवशावर?" मोटरसायकलचा हा विषय फोनवर तुटक तुटक सांगण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहिते. हे पत्र एफडीच्या फाइलमध्येच ठेवा. उद्या मला वेळेत इकडे परत येता आलं नाही, तर गाडी कुठे आहे, कोणत्या कागदावर आहे आणि कोणत्या तारखेच्या आत काय करायचं, हे घरात कुणाला तरी ठाऊक असायला हवं.

सोडून येण्याचं कारण साधं आहे. आफ्रिकेच्या प्रवासाचा पहिला टप्पा झाला, ऑफिसची रजा संपत आली आणि इथला मोठा पाऊसही तोंडावर आहे. केनियात मार्च ते मे हा पावसाचा मुख्य काळ. याच्या उलट झांबिया, बोत्सवाना आणि दक्षिण आफ्रिकेचा बराचसा भाग हा खालचा पट्टा जून ते सप्टेंबर कोरडा आणि थंड असतो. म्हणून जुलैत येऊन इथूनच पुढे निघायचं ठरवलंय. गाडी आता नागपूरला आणायची तर खोक्यात बांधा, मोंबासाला पोचवा, बोटीचं भाडं भरा, न्हावाशेवाला कस्टमच्या चकरा मारा, आणि चार महिन्यांनी हेच सगळं उलट करा. तो पैसा पेट्रोलात गेलेला बरा.

आता कार्नेचं. बाबा, तुम्ही सही केलीत तेव्हा घाई होती, नीट बोलणं झालंच नाही. कार्ने हे मुळात हमीपत्र आहे. आपल्याकडच्या ऑटोमोबाइल असोसिएशनने इथल्या कस्टमला लिहून दिलंय की ही मोटरसायकल इथे विकली जाणार नाही, मुदतीत देशाबाहेर जाईल, आणि नाही गेली तर आयात शुल्क भरलं जाईल. ते शुल्क असोसिएशन आपल्याकडून वसूल करणार, म्हणून बँकेची गॅरंटी, आणि गॅरंटीच्या मागे तुमची एफडी. म्हणजे गाडी शेडमध्ये उभी असताना खरी जोखीम तुमच्या पैशावर आहे. मी जागा निवडली ती हे डोक्यात ठेवून. गाडी चोरीला गेली किंवा जळाली तरी कस्टमचं शुल्क आपोआप माफ होत नाही.

कार्नेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना खालचा तुकडा कस्टमवाला फाडून घेतो, बाहेर पडताना मधला, आणि वरचा भाग आपल्याजवळ राहतो. त्यावर येतानाचा आणि जातानाचा असे दोन शिक्के हवेत. टांझानियातून परत येताना नमांगाच्या नाक्यावर अधिकाऱ्याने खालचा तुकडा शिस्तीत फाडला, शिक्का मारला आणि वही माझ्याकडे सरकवली. वरच्या भागावरचा शिक्का इतका पुसट उठला होता की तारखेतला महिना वाचता येत नव्हता. मागे मोठी रांग होती, पण मी तिथून हलले नाही. शाईच्या पॅडवर नवीन शाई ओतून त्याने पुन्हा शिक्का मारला, शेजारी पेनाने तारीख लिहिली आणि सही केली. पुढच्या वेळी गाडी बाहेर काढताना हाच कागद बोलणार आहे.

सगळ्याच देशांत गाडी अशी ठेवता येत नाही. तुर्कस्तानात वाहनाची नोंद ते आणणाऱ्या माणसाच्या नावावर होते आणि ते मागे ठेवून एकट्याने देशाबाहेर पडायचं तर आधी कस्टमच्या ताब्यात द्यावं लागतं. युरोपियन संघात बाहेरच्या खासगी गाडीला साधारण सहा महिन्यांची मुदत मिळते. कुठे थांबायचं हे हवामानाइतकंच या नियमांवरही ठरतं, म्हणून पहिल्या टप्प्याचा शेवट मी घरून निघतानाच नैरोबी धरला होता.

मोंबासाला ठेवायचा विचारही केला नाही. समुद्राची खारी, दमट हवा. महिन्याभरात स्पोकला तांबेरा चढला असता. नैरोबी समुद्रसपाटीपासून जवळजवळ १८०० मीटर उंच आहे. विषुववृत्त इतकं जवळ असूनही संध्याकाळी स्वेटर लागतो. इथल्या एका मराठी कुटुंबाने घरच्या गॅरेजमध्ये गाडी ठेवायला मोठ्या मनाने सांगितलं होतं. मी हात जोडून नको म्हटलं. काही बरंवाईट झालं तर पोलीस आणि कस्टम त्यांच्या दारात उभे राहतील, आणि आपण कोणत्या तोंडाने जाब विचारणार? अशी वस्तू भाडं देऊन, पावती घेऊन ठेवलेलीच बरी.

जी जागा घेतली ती एका गेस्टहाउसला लागून असलेलं वर्कशॉपचं आवार आहे. आफ्रिका उभी-आडवी फिरणारे लोक इथे गाड्या ठेवून आपापल्या देशी जातात. मालक काय सांगतो ते ऐकण्याआधी मी आधीपासून उभ्या असलेल्या गाड्या बघून घेतल्या. एक जर्मन नंबरचा जुना ट्रक कित्येक महिने जागचा हललेला नाही, तरी त्याच्या टायरात हवा होती. मोटरसायकली मेन स्टँडवर होत्या, कोब्यावर तेलाचा डाग नव्हता, आणि वर पक्का पत्रा. आवार रस्त्यापेक्षा उंच आहे, पाणी आत यायचं नाही. रात्री फाटकावर पहारेकरी असतो. मला एवढं पुरलं.

बाबा, तुमची सगळी नोकरी अजनी लोकोशेडमध्ये गेली, तेव्हा पुढचं तुम्हीच तपासा आणि काही राहिलं असेल तर मी विमानात बसायच्या आत कळवा. दोन दिवस गाडीवरच घालवले. इंजिन गरम असतानाच जुनं ऑइल काढलं. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल साचतं, ते महिनोन्महिने बेअरिंगला लागून राहिलं तर धातू खातं. नवीन ऑइल भरून इंजिन थोडा वेळ चालवलं, म्हणजे ते सगळीकडे फिरलं. १५ लिटरची टाकी पार गळ्यापर्यंत भरली. अर्धी ठेवली तर रिकाम्या जागेतल्या हवेचं दव आतून पत्र्यावर धरतं आणि टाकी गंजते. पेट्रोल टिकवायचं औषध टाकून एक फेरी मारून आणली, ते इंजेक्टरपर्यंत जायला हवं म्हणून. चेन रॉकेलने धुतली, वाळवली, कडी न् कडी ल्युब केली.

बॅटरी काढताना तुमचाच आवाज कानात होता: आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. टर्मिनलना व्हॅसलिन लावलं आणि बॅटरी वर्कशॉपमधल्या फळीवर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवून ठेवली. महिन्यातून एकदा ते चार्ज करून देतील, त्याचे पैसे भाड्यातच धरलेत. गाडी मेन स्टँडवर, आणि पुढचं चाक अधांतरी राहावं म्हणून इंजिनाच्या बॅशप्लेटखाली (इंजिनाच्या तळाशी असलेल्या जाड संरक्षक पत्र्याखाली) लाकडी ठोकळा. टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबला, कारण गांधीलमाशा आणि उंदीर दोघांनाही ती जागा आवडते. बोळा आत आहे हे विसरून कुणी गाडी सुरू करू नये म्हणून तुमच्या लोकोशेडमध्ये दुरुस्तीला उभ्या रेल्वे इंजिनावर लावतात तशी लाल पाटी हँडलला बांधली आहे. अंगावर सुती चादर घातली. प्लास्टिकचं कव्हर होतं माझ्याजवळ, पण त्यात ओल कोंडते, म्हणून घडी करून पेटीत टाकलं.

कागदांचं असं केलंय. कार्ने आणि आरसी बुक मूळ प्रत माझ्याबरोबर येणार. एक चावी मालकाकडे, कारण आग लागली किंवा शेड हलवावी लागली तर गाडी हलवता यायला हवी. दुसरी माझ्याजवळ. मालकाशी साध्या कागदावर करार केलाय: चेसिस नंबर, इंजिन नंबर, मीटरचं रीडिंग, महिन्याचं भाडं, जुलैअखेरपर्यंत ते आगाऊ भरल्याची नोंद, आणि गाडी कुणी चालवायची नाही, कुणाला द्यायची नाही. गाडीची चौकशी करायचा अधिकार माझ्याशिवाय बाबांच्या नावाने लिहिला आहे. दोघांच्या सह्या आहेत. त्याचा फोटो आज तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, प्रिंट काढून या पत्राला टाचा.

एक गोष्ट बघून फार बरं वाटतं. इथे बोडाबोडा म्हणतात त्या टॅक्सी मोटरसायकलींमध्ये जिकडेतिकडे बजाज बॉक्सर आणि टीव्हीएस दिसतात. चौकात उभं राहिलं की इंजिनाच्या आवाजावरून आपलंच गाव वाटतं. मेकॅनिक लोकांचा भारतीय गाड्यांवर हात बसलेला आहे. फक्त आपल्या एनफिल्डचे पार्ट सहज मिळत नाहीत, तेव्हा जुलैत चेन-स्प्रॉकेटचा सेट, दोन्ही ब्रेकचे पॅड, क्लच केबल आणि एअर फिल्टर नागपूरहून घेऊन येईन. मध्ये घरी यायला मिळतंय याचा हा मोठा फायदा. पहिल्या टप्प्यात काय झिजतं ते कळलं, आता नेमकं तेवढंच आणायचं.

आजी, तुला सांगायचं राहिलं. युगांडात जिंजा म्हणून गाव आहे. तिथे व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल नदी निघते, आणि १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग तिथे विसर्जित केला होता. काठावर त्यांचा पुतळा आहे. मी तुझ्या नावाने पाण्यात फूल सोडलं. सेवाग्रामला तू मला लहानपणी घेऊन गेली होतीस, त्याची फार आठवण आली.

आई, पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच आहे, इथून भारतात उतरताना ते दाखवावं लागतं. नैरोबीहून मुंबईला थेट विमान आहे, पुढे विदर्भ एक्सप्रेसने येते. होळीच्या आधी घरी असेन. पुरण मी आल्यावरच घाल.

बाबा, तुमच्याकडे दोन कामं. कार्नेची मुदत ऑक्टोबरपर्यंत आहे, आणि गाडी चालो की उभी राहो, ती तारीख थांबत नाही. तोवर गाडी दक्षिण आफ्रिकेतूनही बाहेर पडून बोटीवर असायला हवी. जुलैत निघाले तर वेळ पुरेल. पण काही कारणाने मे संपेपर्यंत माझं पुढचं तिकीट निघालं नाही, तर मुदतवाढीचा अर्ज करायला मला बसवा. तो मुदत संपायच्या आत द्यावा लागतो आणि गाडी असेल त्या देशाच्या कस्टमची संमती लागते, त्यात दिवस जातात. दुसरं, तुमची एफडी बहुतेक ऑगस्टमध्ये पिकते. बँकेत जाऊन विचारून ठेवा की गॅरंटी चालू असताना ती आपोआप पुढे चालू राहते की तुमची सही लागते. सही लागत असेल तर मी निघायच्या आधी आपण दोघं जाऊन ते काम करून टाकू. कार्ने दोन्ही बाजूंच्या शिक्क्यांसह असोसिएशनला परत केल्याशिवाय गॅरंटी सुटणार नाही, आणि ती सुटेपर्यंत हे माझ्याच अंगावरचं काम आहे.

बाकी भेटीअंती.

तुमची,
मुक्ता