चित्रपट महोत्सव चालवणाऱ्या माणसांची दखल घ्यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चित्रपट महोत्सवांच्या बातम्या आपल्याकडील वृत्तपत्रांत आता नियमित येतात. उद्घाटनाला कोण आले, कोणत्या चित्रपटाला पारितोषिक मिळाले, कोणाचा सत्कार झाला, हे त्यांतून कळते. तो महोत्सव आखला कोणी, चित्रपट निवडले कोणी, त्यांच्या प्रती कोठून आणि कशा आल्या, प्रक्षेपणाच्या खोलीत रात्रभर कोण उभे होते आणि पुढच्या वर्षी हे सगळे पुन्हा कोण करणार आहे, याविषयी मात्र वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. महोत्सव टिकणार की चार वर्षांत विरून जाणार, हे याच माणसांवर ठरते असे माझे ठाम मत झाले आहे आणि ते ज्या ठिकाणी झाले त्याविषयी लिहावे म्हणून हे पत्र पाठवीत आहे.

मी नोकरीनिमित्त फिनलंडमध्ये राहते. राजधानी हेलसिंकीपासून रस्त्याने सुमारे साडेनऊशे किलोमीटर उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे, सोदांक्युला नावाचे गाव आहे. तेथे दर वर्षी जूनच्या मध्यावर पाच दिवस ‘मिडनाइट सन’ हा चित्रपट महोत्सव भरतो. त्या दिवसांत तेथे सूर्य मावळतच नाही, त्यामुळे चित्रपट सकाळी सुरू होतात ते दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत चालतात. गावात रेल्वे येत नाही, हॉटेले मोजकी आहेत आणि साऱ्या नगरपालिका क्षेत्राची वस्ती दहा हजारांहून कमी आहे. अशा ठिकाणी १९८६ पासून हा उपक्रम सुरू आहे. प्रेक्षक म्हणून मी तेथे जात आले आहे आणि पुढे स्वयंसेवकांतही सामील झाले.

या महोत्सवाची कल्पना अन्सी मँटारी या फिनिश दिग्दर्शकाची. मिका आणि अकी कौरिस्माकी हे दिग्दर्शक बंधू त्यांना येऊन मिळाले, सोदांक्युलाची नगरपालिका सुरुवातीपासून सोबत राहिली आणि कार्यक्रमाची आखणी पीटर फॉन बाघ या चित्रपट-इतिहासकाराने हाती घेतली. पहिल्याच वर्षी सॅम्युअल फुलर, जोनाथन डेमी, बर्ट्रां ताव्हर्निए असे दिग्दर्शक या आडगावी आले. पुढे मायकेल पॉवेल, क्षिश्तोफ किएश्लोव्स्की, अब्बास किआरोस्तामी, फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्यासारखी मंडळी येऊन गेली. फुलर यांच्या नावाचा एक रस्ताही गावात आहे. एवढी मोठी माणसे इतक्या दूर का येत असावीत, हा प्रश्न कोणालाही पडेल. येथे स्पर्धा नाही, परीक्षक मंडळ नाही, पारितोषिक नाही आणि चित्रपटांच्या खरेदी-विक्रीचा बाजारही भरत नाही. येणाऱ्याला आपले चित्रपट मन लावून पाहणारे प्रेक्षक मिळतात आणि आपल्या कामाविषयी सविस्तर विचारणारा माणूस भेटतो. त्यासाठी माणसे हजारो किलोमीटर प्रवास करतात, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

असे विचारणारा माणूस म्हणजे फॉन बाघ. १९७१ पासून एका चित्रपटविषयक नियतकालिकाचे संपादन, त्याआधी फिनलंडच्या चित्रपट संग्रहालयातील काम, शिवाय ग्रंथलेखन आणि माहितीपटांची निर्मिती, एवढ्या व्यापातून त्यांनी महोत्सवाला एक प्रघात घालून दिला. रोज सकाळी दहा वाजता शाळेच्या इमारतीत एका पाहुण्या दिग्दर्शकाशी जाहीर संभाषण होते आणि ते बराच वेळ चालते. पाहुणा कोणीही असो, आयुष्यात पाहिलेला पहिला चित्रपट कोणता, या प्रश्नाने ते सुरुवात करीत. या साध्या प्रश्नातून माणूस आपल्या बालपणाकडे, युद्धाकडे, गावातल्या चित्रपटगृहाकडे वळे आणि प्रसिद्धीच्या मुलाखतींत कधीही न येणाऱ्या गोष्टी बोलू लागे. आदल्या रात्री पहाटेपर्यंत चित्रपट पाहिलेले लोक डोळे चोळत का होईना, पण त्या संभाषणाला हजर राहतात आणि खोली भरून जाते. या संभाषणांचे चित्रीकरण जपले गेले आणि त्यातून फॉन बाघ यांनीच पुढे एक मोठा माहितीपट सिद्ध केला. महोत्सवाच्या चालकाने आपल्या कामाची नोंद इतक्या काळजीने ठेवल्याची उदाहरणे थोडी आहेत.

आता पडद्यामागील माणसांविषयी. हा महोत्सव आजही शक्य तेथे ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रपट दाखवतो. संग्रहालयातून आलेली जुनी प्रत एकाच मोठ्या चकतीवर जोडून लावता येत नाही, कारण तिला कापण्या-चिकटवण्याची परवानगी नसते. त्यामुळे दोन प्रक्षेपक शेजारी शेजारी ठेवावे लागतात. दोन हजार फुटांचे एक रीळ वीस-बावीस मिनिटांत संपते आणि ते संपण्याच्या नेमक्या क्षणी दुसऱ्या यंत्रावरचे रीळ सुरू करावे लागते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरच्या बाजूला क्षणभर चमकणारा ठिपका ही त्या माणसासाठीची खूण असते आणि ती चुकली तर शेकडो प्रेक्षकांसमोर पडदा पांढरा होतो. मूकपटांचे काम आणखी नाजूक असते, कारण ते सेकंदाला चोवीस चौकटींच्या वेगाने चित्रित झालेले नसतात. वेग बेताने राखला नाही तर अभिनय हास्यास्पद दिसतो, आणि समोर बसलेल्या वादकांनाही त्या वेगाशी जुळवून घ्यावे लागते. हे काम जाणणारी माणसे जगभर कमी होत आहेत. ती जूनच्या आपल्या सुट्टीत येथे येतात आणि पाच रात्री यंत्राजवळ उभी राहतात, याची बातमी कोठेही होत नाही.

चित्रपट दाखवण्याच्या जागा म्हणजे गावातील लॅपिन्सू हे छोटे चित्रपटगृह, शाळेची इमारत आणि सर्कशीचे तंबू. मेच्या अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या दिवसांत फिनलंडमधील शाळांना सुट्टी लागते, म्हणून शाळा मोकळी मिळते. महोत्सव नेमका याच दिवसांत का बसतो, याचे हेही एक व्यावहारिक कारण आहे. तंबूची अडचण मात्र आपल्याकडे कोणाला सुचणार नाही अशी आहे. बाहेर रात्री दोन वाजता लख्ख ऊन असते, त्यामुळे कापडाची एखादी फट किंवा दाराशी उचलला गेलेला पडदा एवढ्यानेही चित्रपटाचा विचका होतो. म्हणून दारावरच्या स्वयंसेवकाचे मुख्य काम उशिरा येणाऱ्याला थोपवणे आणि पडद्यांची दुहेरी रांग सांभाळणे हे असते. महाराष्ट्रातील जत्रांमध्ये तंबूतला सिनेमा पाहिलेल्या जुन्या वाचकांना हा तंबू ओळखीचा वाटेल, फक्त तेथे काळोख आपोआप मिळत असे आणि येथे तो माणसांना तयार करावा लागतो.

हे स्वयंसेवक देशभरातून येतात. त्यांत विद्यार्थी आहेत, ग्रंथपाल आहेत, परिचारिका आहेत आणि निवृत्त शिक्षकही आहेत. तिकिटे तपासणे, पाहुण्यांना सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरील रोव्हानिएमीच्या विमानतळावरून आणणे, स्वयंपाक, सफाई, रिळांचे डबे एका जागेवरून दुसरीकडे वेळेत पोहोचवणे, ही कामे ते वाटून घेतात. आपल्याकडे शेतावर इरजिकीला सगळे गाव लोटते, तसे हे आहे. मात्र एक गोष्ट येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. या उत्साहाच्या पाठीशी वर्षभर बसून काम करणारी एक लहानशी पगारी मंडळी असते. चित्रपटांच्या हक्कांसाठी पत्रव्यवहार करणे, संग्रहालयांकडून प्रती मागवणे, अनुदानाचे अर्ज वेळेवर भरणे, विमा, हिशेब, पाहुण्यांच्या तारखा जुळवणे ही कामे पाच दिवसांच्या जोशावर होत नाहीत. नगरपालिका, सरकारी सांस्कृतिक अनुदान आणि तिकिटांची विक्री यांतून हा खर्च भागवला जातो. स्वयंसेवकांच्या त्यागाचे गोडवे गाऊन या वर्षभराच्या कामाचा मोबदला टाळण्याची सवय आपल्याकडे बरीच रुजली आहे आणि ती सोडली पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणेन.

फॉन बाघ यांचे सप्टेंबर २०१४ मध्ये निधन झाले. सुमारे तीन दशके ज्याच्या आवडीनिवडीवर, ओळखींवर आणि स्मरणशक्तीवर महोत्सवाची ओळख उभी राहिली होती, असा माणूस गेल्यावर काय होणार, ही चिंता त्या वेळी अनेकांनी बोलून दाखवली. परंतु पुढच्या जूनमध्ये महोत्सव ठरल्या दिवशी भरला आणि आजही भरतो आहे. सकाळी दहाचे संभाषण आजही दहालाच सुरू होते. विचारणारी माणसे बदलली आहेत, त्यांची पद्धत वेगळी आहे आणि काहींना ती पूर्वीइतकी रुचत नाही, परंतु काम थांबले नाही. याचे कारण, मला दिसते ते असे, की कामाच्या वाटण्या आधीच झालेल्या होत्या. कार्यक्रम निवडणारे एकापेक्षा अधिक लोक होते, यंत्रे चालवणाऱ्यांनी आपल्या हाताखाली तरुणांना तयार केले होते आणि नगरपालिकेला हा महोत्सव आपला वाटत होता.

आपल्या देशात आणि महाराष्ट्रातही या विषयाचा वारसा कमी नाही. सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी, म्हणजे सभासदांना उत्तम चित्रपट दाखवणारी संस्था, सुरू केली, १९५९ मध्ये फिल्म सोसायट्यांचा महासंघ झाला आणि मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले. या मंडळासाठी सुधीर नांदगावकर यांनी हयात वेचली. ते २०२३ मध्ये गेले, तरी मंडळ चालू आहे, हे मुद्दाम सांगायला हवे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी फिल्मचे डबे जमवले, प्राध्यापक सतीश बहादूर यांनी चित्रपट रसास्वादाचे वर्ग चालवले आणि ते वर्ग शेजारच्या कर्नाटकातील हेग्गोडू या खेड्यापर्यंतही नेले. हेग्गोडूत के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘नीनासम’ या संस्थेने सुपारीच्या बागांत काम करणाऱ्या माणसांना जगातले उत्तम चित्रपट दाखवले. सुब्बण्णा यांना १९९१ मध्ये रॅमन मॅगसेसे पारितोषिक मिळाले. खेड्यातला प्रेक्षक असे चित्रपट पाहणार नाही, हा समज तेव्हाच खोटा ठरला होता.

असे असताना आपल्या तालुक्याच्या गावी नव्याने महोत्सव सुरू करायचा झाला, की पहिल्या बैठकीत व्यासपीठ, स्मृतिचिन्हे आणि पाहुण्या कलावंताचे मानधन यांवरच वेळ जातो, याचे मला वाईट वाटते. दोन वर्षांनी पैसे आटतात, उत्साही कार्यकर्ता नोकरीसाठी पुण्याला जातो आणि कार्यक्रम बंद पडतो. प्रती मागवण्याचे कागद, संपर्काच्या याद्या, आधीच्या वर्षी काय चुकले याची टिपणे त्याच्याच घरी राहतात. ती मागायला पुन्हा कोणी जात नाही.

म्हणून संपादक महोदय, आपल्याकडे माझी एक विनंती आहे आणि ती आपल्याच हातात आहे. आपले वार्ताहर महोत्सवांना जातात, तेव्हा त्यांनी प्रक्षेपकाच्या खोलीत, कार्यालयात आणि दारावरही थोडा वेळ घालवावा. कोण काम करतो, त्याला मोबदला मिळतो का, तो कोणाला शिकवतो आहे, पुढच्या वर्षाची तयारी कोणाकडे आहे, हे त्यांनी विचारावे आणि छापावे. पारितोषिकांची यादी तर सगळीकडेच येते. पडद्यामागील कामाची बातमी छापून येऊ लागली, तर अनुदान देणाऱ्यांनाही निव्वळ उद्घाटनाच्या छायाचित्रावर भागवणे अवघड जाईल.

दुसरी सूचना नगरपालिका आणि नगर परिषदांसाठी आहे. मे महिन्यात आपल्या शाळांच्या इमारती मोकळ्या असतात. उन्हाचा आणि विजेचा प्रश्न खरा आहे, म्हणून चित्रपट संध्याकाळी सातनंतर लावावेत. एखाद्या नगर परिषदेने तीन वर्षांसाठी एका शाळेचे सभागृह, एक चांगला प्रक्षेपक आणि वर्षभराच्या कामासाठी एका माणसाचा पगार एवढे देऊ केले, तरी एक लहान उन्हाळी महोत्सव उभा राहू शकतो. पाहुणे नंतर बोलावता येतील. निवड करायला त्या गावातल्याच ग्रंथालयाचे, महाविद्यालयाचे, फिल्म सोसायटीचे चार-पाच लोक बसवावेत आणि दर वर्षी त्यांतला एक बदलावा, म्हणजे हे काम एकाच माणसाच्या खांद्यावर राहणार नाही.

अशी तयारी असलेली फिल्म सोसायटी किंवा ग्रंथालय आपल्या वाचकांत असेल, तर सोदांक्युलातील कामाची वाटणी, स्वयंसेवकांची वेळापत्रके आणि प्रती मागवण्याची पद्धत मराठीत लिहून पाठवायला मी तयार आहे. आपण माझा पत्ता त्यांना द्यावा.

आपली,
एक मराठी वाचक,
एस्पू, फिनलंड